ओदीलबाईंचं भिणं

ओदीलबाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चांगलीच घाबरले होते.

क्लोनडॉकिनचं भाड्याचं घर सोडून आम्ही नुकतेच आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, स्लायगोला आलो होतो. निखिलला, माझ्या नवऱ्याला, तिथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरची नोकरी मिळाली होती, आणि माझं सॉफ्टवेअरचं काम घरूनच चालायचं. गावाबाहेर, समुद्राकडे उतरणाऱ्या एका अरुंद रस्त्यावर आम्हाला घर मिळालं. एका दुपारी मागच्या अंगणात उभी राहून मी मिरजेला आईशी फोनवर बोलत होते. बोलता बोलता वळले, तर कुंपणापलीकडे एक उंच म्हातारी उभी. अंगात पुरुषी ओव्हरकोट, पायात गमबूट, पांढरे केस कानापाशी सरळ कापलेले. नजर माझ्या ओठांवर रोखलेली. किती वेळ उभी होती कोण जाणे. मी फोन बंद केला.

"तू एक शब्द सारखा म्हणतेस," ती इंग्रजीत म्हणाली. "अगं. त्याचा अर्थ काय?"

"अर्थ असा काही नाही. हाकेसारखं असतं ते. बाईशी बोलताना अगं, पुरुषाशी बोलताना अरे."

"म्हणजे समोरचं माणूस बाई आहे, याची दर वाक्यात आठवण करून द्यायची?"

मी यावर कधी विचार केला नव्हता. "आठवण नाही," मी म्हटलं. "जवळीक."

तिनं तो शब्द दोनदा तोंडात घोळवला, मान हलवली आणि निरोप न घेता निघून गेली.

खालच्या बाजूला मिक राहायचा. मेंढ्या आणि थोडी गुरं पाळणारा. त्याला विचारलं तर म्हणाला, "ओह, दॅट्स युअर वूमन अबव्ह. शी'ज ग्रँड." ती माझी बाई कशी, हे मला कळेना. इथं 'युअर वूमन' म्हणजे नुसतं 'ती बाई', हे समजायला थोडे दिवस लागले. तोवर ती बाई खरोखरच माझी होऊन बसली होती.

ओदीलबाई मूळच्या फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या एका बंदरगावातल्या. नॉर्वेजियन, स्वीडिश, डॅनिश आणि आइसलँडिक अशा उत्तरेकडच्या भाषांतली पुस्तकं त्यांनी आयुष्यभर फ्रेंचमध्ये आणली. मधली काही वर्षं युनिव्हर्सिटीत शिकवलं. नवरा आयरिश होता. तो गेल्यावर त्या परत गेल्या नाहीत. का, असं विचारलं तर म्हणाल्या, "तिकडे राहिले की रोज दुकानातलं फ्रेंच कानावर पडतं. मग ते माझ्या पुस्तकात शिरतं. इथं माझं फ्रेंच मला एकटीला मिळतं."

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, ताटल्यांच्या जागी शब्दकोश होते आणि ताटल्या खिडकीच्या कट्ट्यावर. दुपारचा ब्रेड त्या उभ्यानंच खायच्या. रेडिओ नाही, टीव्ही नाही. आणि त्या भ्यायच्या. वाऱ्याला, गाईंना, टेलिफोनला. त्याची त्यांना लाज मात्र मुळीच नव्हती. दार वाजवून सांगायच्या, "आज मला वाऱ्याची भीती वाटते आहे. चहाला ये." मग मी लॅपटॉप काखोटीला मारून त्यांच्याकडे जायची. बाहेर अटलांटिकवरून येणारा वारा पत्र्यांशी झोंबत असायचा, आत शेगडीत पीट, दलदलीतल्या वाळवलेल्या मातीचं इथलं जळण, धुमसत असायचं, आणि ओदीलबाई दर धडाक्याला खुर्चीचे हात घट्ट धरत काम करत राहायच्या.

एकदा मी म्हटलं, "इतकी भीती वाटते, तर एकट्या कशा राहता?"

"भाषांतर करणाऱ्यानं घाबरटच असावं," त्या म्हणाल्या. "ज्याची भीती गेली, त्याचं काम गेलं."

मला वाटलं, हे आपलं बोलण्यापुरतं. त्यावर त्यांनी मला एक जुनी गोष्ट सांगितली.

पंचविशीत त्यांनी पहिलं पुस्तक भाषांतरित केलं, एका नॉर्वेजियन लेखिकेचं. त्यात एक बाई एप्रिल महिन्यात तळ्यावरचा बर्फ ओलांडायला निघते. मूळ शब्द होता 'कुजका बर्फ'. ओदीलबाईंना वाटलं, बर्फ कसा कुजेल? फ्रेंच वाचकाला हे विचित्र लागेल. त्यांनी लिहिलं, 'पातळ बर्फ'. पुस्तक छापून आलं, कौतुक झालं. लेखिका तेव्हा हयात होती, म्हातारी झाली होती. तिनं ओदीलबाईंना आपल्या गावी बोलावलं, नेमकं एप्रिलमध्ये. जेवू घातलं. मग ओदीलबाईंच्या कमरेला दोर बांधला, दोराचं दुसरं टोक काठावरच्या झाडाला बांधलं आणि म्हणाली, "चल तळ्यावर."

"मला वाटलं, गंमत आहे," ओदीलबाई म्हणाल्या. "थोडं आत गेल्यावर ती थांबली. बर्फाला भोक पाडून दाखवलं. माझ्या हाताच्या कोपरापर्यंत जाड होता. मला हायसं वाटलं. मग तिनं हातातली काठी नुसती टेकवली, आणि ती केकमध्ये सुरी जावी तशी आत गेली. आवाजसुद्धा झाला नाही. सबंध बर्फ उभ्या सुयांचा झाला होता. सुया एकमेकींना चिकटून उभ्या, इतकंच. ती म्हणाली, पातळ बर्फ कुणालाही दिसतो, पोरी. माझी बाई मूर्ख नव्हती. हा बर्फ जाड होता. आणि मला तिथंच उभी ठेवून ती काठाकडे चालत गेली."

"मग?"

"मग काय. मी तिच्या पावलांवर पाऊल ठेवत परत आले. रडत. तेव्हापासून प्रत्येक शब्दावर पाय ठेवताना मला तसंच वाटतं."

हे सांगताना त्यांचा हात ओव्हरकोटावरून कमरेपाशी गेला होता.

त्यांची काम करायची एक रीत होती. पान पुरं झालं की ते त्या मोठ्यानं वाचायच्या, आणि ऐकायला मी. मला फ्रेंचचं अक्षर येत नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "म्हणून तर तू हवीस," त्या म्हणाल्या. "अर्थ कळला की माणूस अर्थाच्या मागं लागतो. तू फक्त ऐक. जिथं चाल अडखळेल तिथं बोट वर कर." मी बोट वर केलं की त्या थांबायच्या, ते वाक्य पुन्हा वाचायच्या, आणि बहुतेक वेळा तोंड वाकडं करून पेन्सिल उचलायच्या. तेव्हा त्या एका जाडजूड आइसलँडिक कादंबरीवर काम करत होत्या. हिवाळ्यात बर्फानं कोंडलेल्या एका कुटुंबाची गोष्ट. कित्येक वर्षं चाललं होतं ते. हे शेवटचं पुस्तक, असं त्या म्हणायच्या. हळूहळू त्या परक्या भाषेची चाल माझ्या कानात इतकी बसली की भांडी घासताना मी ती गुणगुणायची.

म्हणूनच काहीतरी बिघडतंय हे पहिल्यांदा मला कळलं, पण काय, ते तेव्हा कळलं नाही. एका दुपारी मी एका पानात चार-पाच वेळा बोट वर केलं. त्या चिडल्या. "तुझं लक्ष नाही," म्हणाल्या. पुन्हा वाचलं. मी पुन्हा बोट वर केलं. तिसऱ्यांदा वाचताना त्या मध्येच थांबल्या आणि पानाकडे बघत राहिल्या. एखादी पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसा त्यांचा चेहरा झाला. मग त्यांनी कागद उपडा ठेवला आणि म्हणाल्या, "आज वारा फार आहे."

बाहेर वारा नव्हता.

थोड्या दिवसांनी मी त्यांना गाडीतून गावात दुकानात घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलीकडे त्यांनी काहीतरी मागितलं. मुलगी म्हणाली, "सॉरी, लव्ह?" त्यांनी तोच शब्द जरा मोठ्यानं सांगितला. मग आणखी मोठ्यानं. रांगेतली माणसं बघायला लागली. तो शब्द इंग्रजी नव्हता. आपण इंग्रजीच बोलतो आहोत अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि ही पोरगी मुद्दाम न समजल्यासारखं करते आहे असं त्यांना वाटत होतं. मी पुढं होऊन त्यांचं बोट कुठं जातंय ते पाहिलं आणि लोण्याचं पाकीट उचललं. गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "मी कोणत्या भाषेत मागितलं?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"मलाही," त्या म्हणाल्या. सबंध रस्ताभर त्यांनी माझी बाही धरून ठेवली होती.

मी निखिलला सांगितलं. तो कामात बुडालेला होता, तरी हे ऐकून लगेच उठला. तपासण्या झाल्या. मेंदूतला भाषेचा भाग हळूहळू झिजत जाण्याचा आजार होता. बाकीची बुद्धी बराच काळ शाबूत राहते, शब्द आधी जातात. तज्ज्ञ डॉक्टरांनी सगळं समजावून दिलं होतं, तरी ओदीलबाई संध्याकाळी आमच्याकडे आल्या आणि निखिलसमोर ताठ बसल्या.

"आधी कोणती भाषा जाईल?"

"सांगता येत नाही," निखिल म्हणाला. "प्रत्येकाचं वेगळं असतं."

"फ्रेंच शेवटपर्यंत राहील? आईची भाषा आहे."

निखिलला खोटं बोलता येत नाही. एरवी तो मोठ्या, मोकळ्या आवाजाचा नागपूरचा माणूस, पण त्या दिवशी त्याचा आवाज मला ओळखू आला नाही. "मी तसं वचन देऊ शकत नाही," तो म्हणाला.

ओदीलबाईंनी मान डोलावली. "मग मला घाई केली पाहिजे," म्हणाल्या.

त्यांनी घाई केली. पण घाई त्यांच्या स्वभावात नव्हती आणि शब्द हाताला लागत नव्हते. सकाळी जावं तर टेबलावर पाचसहा शब्दकोश उघडे, आणि ओदीलबाई एका साध्या शब्दासाठी, दारासाठी किंवा चमच्यासाठी, पानं उलटताहेत. फ्रान्समध्ये त्यांची भाची होती. ती फोन करायची. तिच्याशी बोलताना ओदीलबाई फक्त 'हो' आणि 'नाही' म्हणायच्या. तिला कळू नये म्हणून. कळलं तर आपल्याला घेऊन जातील, पुस्तक अर्धं राहील, ही त्यांची धास्ती. मी रोज सकाळी त्यांच्या दारावर टकटक करायची. दार उघडलं की आधी मी त्यांच्या डोळ्यांत बघायची, मला ओळखताहेत ना म्हणून.

त्याच सुमारास माझी आई मिरजेहून सहा महिन्यांसाठी आली. आईला इंग्रजी 'थँक्यू'च्या पलीकडे येत नाही, आणि त्याची तिला खंतही नाही. ती ओदीलबाईंच्या घरी जाऊन बसायची, भाजी निवडायची आणि मराठीत बोलत राहायची. सुनेच्या बाळंतपणापासून टोमॅटोच्या भावापर्यंत. मी म्हटलं, "अगं आई, त्यांना काय कळतंय?"

"न कळायला काय झालं?" आई म्हणाली. "तू बोलतीस तवा ती तुझ्या तोंडाकडं बघती आन् भिती. चुकंल म्हनून. माझ्याफुडं चुकायचं काय हाय तिला?"

आमच्या रस्त्याच्या टोकाला ओहोटीच्या वेळी समुद्र इतका मागं हटतो, की समोरच्या लहानशा बेटापर्यंत वाळूवरून चालत जाता येतं. वाट दाखवायला वाळूत दगडी खांब उभे केलेले आहेत. भरती आली की तीच वाट पाण्याखाली जाते. वाळूत उतरण्याआधी पाटी लावलेली आहे, कोणत्या वेळी जाऊ नये हे सांगणारी. ओदीलबाई कित्येक वर्षं त्या वाटेनं फिरायला जात आल्या होत्या.

मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. आई खिडकीतून म्हणाली, "मंजे, तुझी उंच बाई पान्याकडं चालली बघ. पानी तर आत यायलंय."

मी पाहिलं. दूर वाळूवर काळा ओव्हरकोट दिसत होता, आणि दोन्ही बाजूंनी चकाकती पट्टी पुढं सरकत होती. मी चपलांनिशी धावत मिकच्या अंगणात गेले. माझ्या तोंडून धड वाक्य निघेना. मी नुसता हात दाखवला. मिकनं एकदा समुद्राकडे पाहिलं, हातातली बादली टाकली आणि ट्रॅक्टरवर चढला. मी मागं लटकले. वाळूवर आलो तेव्हा पाणी चाकांच्या खाली होतं, मग चाकांत आलं. मिक पाण्यावर नजर रोखून ट्रॅक्टर हाकत होता.

ओदीलबाई एका खांबाला मिठी मारून उभ्या होत्या. पाणी गुडघ्यांपर्यंत आलं होतं, कोट पाण्यावर पसरला होता. मी हाका मारल्या. त्यांनी वळून पाहिलं, तोंड उघडलं, आवाजही निघाला, पण त्यात शब्द नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाण्याचं भय नव्हतं. मी इंग्रजीत सांगत होते, खांब सोडा, आम्ही आलोय. त्या खांब सोडत नव्हत्या. मला कळेना की त्यांना समजत नाहीये की धीर होत नाहीये. शेवटी घाबरून मी मराठीतच ओरडले, "अहो, हात द्या ना मला!" आणि वाकून हात पुढं केला. त्यांनी खांब सोडला आणि माझा हात धरला. मिकनं त्यांना मागून उचलून वर घेतलं. परत येताना इंजिनानं दोनदा आचके दिले, आणि दोन्ही वेळा मी डोळे मिटून घेतले.

घरी आईनं त्यांना पांघरुणात गुंडाळलं आणि कोमट तेल घेऊन तळपाय चोळत बसली. बऱ्याच वेळानं त्या बोलल्या, एकेक शब्द शोधत.

"पाटी. मी पाटीसमोर उभी होते. अक्षरं दिसत होती. वाचता आली नाहीत."

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "फोन लाव. बास्तियाँला."

बास्तियाँ हा त्यांचा जुना विद्यार्थी. स्वतःही भाषांतर करणारा. त्याचं नाव त्या कधी घेत नसत, आणि घेतलंच तर नाक मुरडून. त्यांनी भाषांतरित केलेलं एक पुस्तक त्यानं पुन्हा नव्यानं भाषांतरित करून छापलं होतं, त्यांना न विचारता. तेव्हापासून बोलणं बंद होतं. मी नंबर शोधून फोन लावला आणि काय घडलं ते सांगितलं. मग तो म्हणाला, "त्यांनी स्वतः मला बोलवायला सांगितलं? नक्की?" मी फोन त्यांच्या कानाशी धरला. त्या एवढंच म्हणाल्या, "वियाँ." ये. तेवढं फ्रेंच मलाही समजलं.

तो आला. चाळिशी उलटलेला, भरभर बोलणारा, हसरा माणूस. पहिल्या दिवशी तो त्या घरात इतका दबकून वावरत होता की मला त्याची दया आली. ओदीलबाईंनी हस्तलिखिताचा गठ्ठा त्याच्यासमोर ठेवला. वरच्या पानावरचा हात काढायला त्यांना वेळ लागला, पण त्यांनी तो काढला. राहिलेली प्रकरणं तो करणार, आणि त्यांच्यासमोर बसून वाचणार असं ठरलं.

तो वाचायचा आणि त्या डोळे मिटून ऐकायच्या. एव्हाना त्यांना वाक्याचा अर्थ पुरता लागत होता की नाही, कुणालाच सांगता आलं नसतं. पण मध्येच त्यांचं बोट वर जायचं. बास्तियाँ थांबायचा, मूळ पुस्तक उघडायचा, बघायचा, आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडायच्या. एकदा तो स्वयंपाकघरात माझ्याजवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "जिथं मी अंदाजानं पुढं सरकलोय, तिथंच त्या बोट वर करतात. प्रत्येक वेळी. मला आता वाचायची भीती वाटायला लागली आहे."

"हे त्यांना सांगा," मी म्हटलं.

त्यानं सांगितलं. ओदीलबाईंनी ते ऐकलं आणि त्याच्या गालावर हात ठेवला.

शेवटचं प्रकरण संपलं तेव्हा त्यांच्याकडे मोजके शब्द उरले होते, आणि तेही वेगवेगळ्या भाषांतले. एकट्या राहणं आता शक्य नव्हतं. भाची गाडी घेऊन आली, बोटीनं फ्रान्सला परत न्यायला. ती मायाळू होती. तिनं मावशीच्या गावातच, स्वतःच्या घराशेजारी खोली तयार केली होती. मिकनं सामान गाडीत चढवलं. बास्तियाँनं शब्दकोशांची खोकी बांधली. निखिल रजा काढून थांबला होता. सगळं नीट चाललं होतं, आणि मग ओदीलबाई फाटकापाशी थांबल्या. गाडीचं उघडं दार त्यांनी पाहिलं आणि फाटकाचा गज दोन्ही हातांनी धरला.

भाचीनं समजावलं. बास्तियाँनं समजावलं. जितके शब्द त्यांच्यावर पडत होते तितक्या त्या आक्रसत होत्या. मीही काहीतरी बोलले, आणि त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी मागं सरले.

आई पायरीवर उभी होती. ती खाली आली, पदर खोचला आणि स्वतःच गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली. शेजारची जागा हातानं झटकली. "या, बसा," म्हणाली, लग्नाला निघालेल्या जीपमध्ये बोलवावं तशी.

ओदीलबाईंनी गज सोडला. वाकून आत गेल्या, आईच्या शेजारी बसल्या. भाचीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "खालच्या मोठ्या रस्त्यापर्यंत जाऊ द्या. तिथून येईल ती परत."

गाडी उतरणीला लागली. मागच्या काचेतून मला दोन पांढरी डोकी दिसत होती, एक उंच, एक बुटकं. वळणावर मिकची गुरं रस्ता ओलांडत होती म्हणून गाडी थांबली. मला भीती वाटत होती, ओदीलबाई आता मागं वळून बघतील आणि मला ते सोसणार नाही. त्यांनी वळून पाहिलं नाही. त्यांचं डोकं आईकडे झुकलेलं होतं आणि हात हवेत हलत होता. मग गाडी पुढं गेली.

आई बऱ्याच वेळानं चढ चढून एकटी आली. जाताना अंगात असलेला स्वेटर आता नव्हता. मी पुढं गेले.

"आई, काही बोलल्या का गं त्या?"

"बोलली की. फाट्यापातूर बोलतच हुती."

"काय बोलल्या?"

"ते मला कसं कळनार?" आई म्हणाली. पायरीवर टेकून तिनं दम घेतला. "पर भ्याली न्हवती."